दुर्बिणीच्या फाटकावर

लेक रेडिओ दुर्बिणीवर काम करते. लांबच्या आकाशगंगांत तारे कसे जन्मतात, ते तिथून येणाऱ्या बारीक लहरींवरून शोधते. "आता पुरे म्हणावं, घराजवळ नोकरी बघ," हे सांगायला बायकोनं मला धाडलं.

फाटकावर पहारेकऱ्यानं मोबाईल काढून घेतला, मग कानातलं ऐकू येण्याचं यंत्रही. "काका, याच्याही लहरी निघतात. दुर्बिणीला त्रास होतो." यंत्र नवंच होतं, लेकीला त्याचा पत्ताही नव्हता.

आत गेल्यावर मी निरोप सांगितला. ती बराच वेळ बोलत राहिली. मला नुसते ओठ हलताना दिसत होते, डोळ्यांखालचं काळं आणि हातातला गार झालेला चहा. एवढ्या दमलेल्या पोरीला सारखं "काय म्हणालीस?" कुठं विचारायचं? मी मान डोलावत गेलो. ती रडली, गळ्यात पडली. वाटलं, काम झालं.

परतताना बसमध्ये यंत्र कानात घातलं, तोच बायकोचा फोन आला.


"अहो, तिला आणायला पाठवलं होतं ना तुम्हाला? पाच वर्षांसाठी परदेशातल्या दुर्बिणीवर निघालीय ती. म्हणते, बाबांनी सगळं ऐकून घेतलं, एका शब्दानं अडवलं नाही."