अंधारातले बुडबुडे

शलाकाने भर दुपारी काचेच्या चंबूला काळं कापड गुंडाळलं. चार वर्षं खपून बनवलेली तिची बारीक पावडर उजेड पडला की पाण्यातून हायड्रोजन काढते, असा तिचा शोधनिबंध छापूनही आला होता. पण कापडाखाली मिट्ट अंधार असतानाही नळीतून बुडबुडे येतच राहिले. पावडर बनवताना वापरलेलं मॅग्नेशियम पुरतं धुतलं गेलं नव्हतं. पाण्याशी संयोग होऊन हायड्रोजन तेच सोडत होतं; उजेडाचा त्यात काही हात नव्हता.

ती तशीच तिच्या मार्गदर्शकांकडे, डॉ. चिंचाळकरांकडे गेली. त्यांनी मानही वर केली नाही.

"अंधारातलं रीडिंग कोण मागतंय? उद्या तुझं काम तपासायला समिती येईल तेव्हा दिवा चालू ठेव, म्हणजे झालं."

"सर, हे खोटं आहे."

"मग तुझी पीएचडीही खोटीच म्हणायची का?"

तिच्या कानशिलांत आग उठली.

दुसऱ्या दिवशी समितीपुढे सर रंगात आले होते. "हा प्रकाश पडला, की पाण्यातून हायड्रोजन सुटतो!"

शलाकाने हात पुढे केला, दिवा बंद केला आणि चंबूवर काळं कापड टाकलं. बुडबुडे तितक्याच जोमाने येत राहिले.

"दिवा लाव!" सर ओरडले.

"लावून काय फरक पडणार आहे, सर? दिसतंय सगळ्यांना."

समितीतल्या वयस्क बाईंनी हलकेच विचारलं, "निबंधावर पहिलं नाव तुझंच ना? चार वर्षं वाया जातील, मुली."

"सर 'पुन्हा करून बघ' म्हणाले असते, तर आणखी चार दिली असती," शलाका म्हणाली. तिचा आवाज रागाने चढला होता.