पाठमोरी माणसं

सोमवारी कुदोमावशींच्या नूडल्सच्या दुकानात मोठ्यांसाठीच्या मांगा चित्रकथांचं साप्ताहिक आलं की ते आधी टॅक्सीवाल्या इसोगाईकाकांच्या हातात जातं. आज वाचता वाचता त्यांचा वाडगा गार झाला, कारण त्यांची लाडकी चित्रकथा आज संपली होती. घर सोडून गेलेला बाप म्हातारपणी परत येतो आणि बायकोमुलांसोबत जेवायला बसतो, एवढाच शेवटचा भाग. पण त्यात एकाचाही चेहरा दिसत नाही, सगळे आपल्याकडे पाठ करून बसलेले.

"आळशीपणा, दुसरं काय," मावशी त्यांच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. "इतकी वर्षं वाचतेय मी. म्हातारा हसला की रडला, तेवढं तरी कळायला नको?"

"तुम्ही नूडल्स उकळा, बाई," काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. "नुसत्या पाठीतून रडवायला मोठा माणूस लागतो." मग ते माझ्याकडे वळले. "तू तर ही कथा काढणाऱ्या सेन्सेईंच्याच हाताखाली घरं अन् भांडी रेखाटतोस ना? हे सुचलं कसं रे त्यांना? विचार की एकदा."

मी "विचारतो" म्हणालो आणि वाडग्यात मान घातली.



आमच्या स्टुडिओत माणसांचे चेहरे फक्त सेन्सेईच काढायचे, आणि ते गेल्याची बातमी पुढच्या सोमवारच्या अंकात येणार आहे.