सगळ्यांनी मिळून

बाबांना नोएडातल्या नव्या परदेशी कंपनीत नोकरी लागली, आणि साताऱ्यात जिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे ती चौथीतली तेजश्री इथल्या शाळेत मूग गिळून बसू लागली. शेवटी वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, "कल सब टीचर मिलकर सोचेंगे कि तुम्हारी शिक्षा कैसे सुधरे."

त्यातला एकच शब्द तेजश्रीला नीट कळला, 'शिक्षा'. एका बाईंची शिक्षा तिला ठाऊक होती. पण सगळ्यांनी मिळून?

घरी ती जेवली नाही. आईला म्हणाली, पोट दुखतंय.

दुसऱ्या दिवशी शिक्षक खुर्च्या गोल मांडून बसले होते. फळ्यावर एकच प्रश्न होता, 'तेजश्री बोलती क्यों नहीं?' कोणी म्हणे भाषा कच्ची, कोणी म्हणे लाजाळू आहे. मग मॅडमनी तिलाच मधे बोलावलं. "डरो मत बेटा. तुम ही बताओ, हम क्या करें?"



तेजश्रीने डोळे घट्ट मिटले, तळहात पुढे केला आणि त्या शाळेत पहिल्यांदाच बोलली, "हळू मारा, बाई."