मुलगा स्थिर नाही

गोरक्षने बटण दाबलं. काही झालं नाही. म्हणून त्याने ते आणखी चार वेळा दाबलं. शेजारी तेजस्विनीच्या सायकलची साखळी खडखडत चार चकत्या ओलांडून गेली आणि ती सीटवरून पडता पडता वाचली.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. मुलगा बघायला आलेली मुलगी म्हणते तसं.

गिरणारे गावाच्या पुढे मुरमाचा कच्चा रस्ता लागला होता. दोघांच्या सायकली सारख्याच, असल्या रस्त्यांसाठीच्या ग्रॅव्हल बाईक. गिअरही सारखेच, इलेक्ट्रॉनिक, बिनतारी, आणि बाजारातले सगळ्यात स्वस्त. हँडलवरचं बटण दाबायचं की मागे छोटी मोटर साखळी सरकवते. एवढं साम्य निघालं म्हणून तेजस्विनीने कांदेपोहे रद्द करून रविवारची राईड ठरवली होती. दुपारचं जेवण मखमलाबादला, तिच्या घरी. हो की नाही ते जेवणाच्या आत सांग, असं तिला वडिलांनी बजावलं होतं, आणि तिने ते गोरक्षला तसंच्या तसं सांगून टाकलं होतं.

गोरक्षला हो हवं होतं. आधीच्या दोन मुलींनी नकाराचं एकच कारण दिलं होतं, मुलगा स्थिर वाटत नाही. नोकरी स्थिर होती, सातपूरला, आठ वर्षं. तो नव्हता. खुर्चीत बसला की गुडघा हलायचा. हातात पेन आलं की टकटक सुरू. आता तर हँडलवर बटणच होतं.

आईची तऱ्हा आणखी वेगळी. नवसाबाई गेले पंधरा दिवस भेटेल त्याला मुलाच्या लग्नाचं एकच साकडं घालत होत्या. देवाला, दूधवाल्याला, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालासुद्धा. शुक्रवारी गोरक्षची सायकल सावळीरामच्या दुकानात सर्व्हिसिंगला टाकायलाही त्याच गेल्या होत्या. त्या भागात असल्या गिअरला हात लावणारा सावळीराम एकटाच, त्यामुळे तेजस्विनीची सायकलही तिथेच होती. सकाळी दोघांनी सायकली उचलल्या आणि दुकानातूनच निघाले.

"तुमचे गिअर नीट पडतात का हो?" तिने विचारलं.

"एकदम," गोरक्ष म्हणाला. हे अगदीच खोटं नव्हतं. बटणाला गिअर जुमानत नव्हता, पण चढ आला की आपोआप हलका व्हायचा, उतार आला की जड. जन्मात त्याने इतकी चांगली सायकल चालवली नव्हती. "जरा विचार करून बदलतो, इतकंच. बॅटरीचे पॉइंट पुसत राहायचे, चार्जिंग विसरायचं नाही, धुताना जोराचा फवारा मारायचा नाही. काळजी घेतली की स्वस्तातलं पण टिकतं."

आपण सायकलबद्दल बोलतोय की स्वतःबद्दल, ते त्याचं त्यालाच कळेना. त्याने बटण दाबलं.

खडखड.

"माझा नाही टिकायचा," ती म्हणाली. "मी दाबते तेव्हा ढिम्म, आणि हात नसतानाच हा उड्या मारतोय. अंगात आल्यासारखा."

"स्वस्तातलं ना," तो हळहळला, आणि हळहळताना त्याने तीनदा बटण दाबलं.

खिंडीचा चढ आला तेव्हा तेजस्विनी घामाघूम होऊन मागे पडली. छाप पाडायची हीच वेळ, असं ठरवून गोरक्ष उभा राहून पेडल मारत बराच पुढे गेला. आणि गिअर जडच राहिला. त्याने बटण वीस वेळा दाबलं. शेवटी पाय टेकला.

मागून तेजस्विनी येत होती. सकाळपासून पहिल्यांदाच तिची साखळी गप्प होती. जवळ आल्यावर तिने सवयीने एकदा बटण दाबलं.

टिर्र. गोरक्षच्या सायकलची मोटर फिरली.

दोघांनी तिकडे पाहिलं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा टिर्र.

"आता तुम्ही दाबा," ती म्हणाली. "एकदाच."

गोरक्षने एकदाच दाबलं. बरंच जड गेलं त्याला. टिर्र, तिची सायकल म्हणाली.

तिने त्याच्या बोटाकडे पाहिलं. "म्हणजे सकाळपासून ते तुम्ही होतात."

"हो."

"इतक्या वेळा?"

"सवय आहे."

तिसरी मुलगी, गोरक्षच्या मनात आलं, आणि या वेळी पुराव्यासकट.

"चला," ती म्हणाली. "लांब जाऊ नका. मी सांगेन तेव्हाच दाबायचं."

ते निघाले. "हलका," ती म्हणायची. तो दाबायचा. "अजून एक. बस." त्याचा गिअर ती न विचारताच बदलत होती आणि तो दर वेळी बरोबर पडत होता. वीस मिनिटं गोरक्षचं बोट बटणावर नुसतं टेकून राहिलं, तिच्या शब्दाची वाट बघत. असं ते आयुष्यात कशावरच टेकलं नव्हतं.

माथ्यावर ती पाणी प्यायली, तिने फोन काढला, वडिलांना एकच शब्द पाठवला आणि स्क्रीन त्याच्यापुढे धरली. 'हो.'

गोरक्षने तो शब्द दोनदा वाचला. त्याने बटण दाबलं.

"आता त्या सावळीरामला बघते," ती म्हणाली आणि फोन स्पीकरवर टाकला. "भाऊ, काय हा घोळ? माझं बटण यांच्या मोटरला जोडलंय, यांचं माझ्या."

"घोळ नाय ताई, बराबर हाय," सावळीराम शांतपणे म्हणाला. "दादांच्या आई आल्या व्हत्या, त्यांनीच सांगितलं. मी पावतीवर लिवून घेतलंय, थांबा." कागद चाळल्याचा आवाज आला. "हां. 'गोरक्षचं तेजस्विनीशी जुळवून देणे. अर्जंट.' का, जुळलं नाय का?"