लाल झाकणाचा डबा

"याला कुणी हात लावायचा नाही," असं म्हणत बायकोनं लाल झाकणाचा डबा फ्रीजमध्ये अगदी मागे सरकवला. "दूध काढताना धक्कासुद्धा लागता कामा नये."

"नाही लावत बाई," मीटरकाका म्हणाले. "बॉम्ब आहे की काय?"

"लेकीचा जीव आहे."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. बायको प्रसूती वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. उगीच काहीतरी बोलणाऱ्यातली नव्हे. लेकीचे दिवस भरत आले होते आणि डब्यात बाळंतपणानंतरचं रक्त थांबवायची इंजेक्शनं होती. खात्रीच्या दुकानातून, बर्फात घालून आणलेली.

"वॉर्डात नाहीत का?"

"आहेत की. पण तिथला फ्रीज लहरी. मनात आलं तर चालतो. या औषधाला उष्णता सोसत नाही. दिसायला जसंच्या तसं, पण टोचलं तर पाणी. गेल्या महिन्यात एका पोरीला एकामागून एक दिली, रक्त काही थांबेना. माझ्या डोळ्यांदेखत गेली हो. नव्या फ्रीजसाठी ओरडून घसा बसला माझा. कुणी मनावर घेत नाही. म्हटलं, लेकीपुरती तरी घरी नीट राहतील."

त्या दिवसापासून डब्याची राखण ही काकांनी आपली नोकरीच मानली.

खरी नोकरी त्यांनी वीज कंपनीत केली होती. सारी हयात लोकांचे मीटर वाचण्यात गेली, म्हणून अख्खी इमारत त्यांना मीटरकाका म्हणे. निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांचे मीटर सुटले, मग ते स्वतःच्याच मीटरच्या मागे हात धुऊन लागले. पाहुणा चपला शोधत असतानाच जिन्यातला दिवा मालवायचे. माणूस खुर्चीतून उठायच्या आत पंखा बंद. इमारतीत सगळ्यांत संथ चाक त्यांच्या मीटरचं, आणि ते आल्यागेल्याला कौतुकानं दाखवलं जाई. "मी डोळा लावला की माझंही बटण शोधतील हे," बायको म्हणायची.

ती सकाळी ड्यूटीवर जाई ती संध्याकाळी उगवे. मधला सगळा वेळ काका खुर्ची टाकून स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसत. गारवा जातो तो दारातून, हे त्यांचं ठाम मत. म्हणून दिवसभर ते फ्रीजचं दारच उघडत नसत. दुपारचा चहा कोरा. शेजारीण दुधाचं पातेलं ठेवायला आली, तर तिला दारातूनच वाटेला लावलं.

"दार उघडायचं नाही. लेकीचा जीव आहे आत."

शेजारणीनं काकांना ऊन बाधलं असं समजून घेतलं आणि ती निघून गेली. पुन्हा सगळं चिडीचूप. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"दूध परत नासलं," संध्याकाळी बायको म्हणाली.

"दूधवाल्याची कृपा," काका म्हणाले.

एका दुपारी फोन आला. "कळा जोरात आहेत. डबा आणा, बर्फात घालून."

घरात बर्फ नव्हता. कोपऱ्यावरच्या रसवाल्याची विनवणी करून त्यांनी तो मिळवला, थर्मासमध्ये डबा बसवला आणि रिक्षात थर्मास पोटाशी धरून बसले. प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला दटावत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात जावई हसत समोर आला. "बाबा, मुलगी झाली!"

मागोमाग बायको. "वेळच नाही दिला हो पोरीनं. हाताशी होतं ते वॉर्डातलंच टोचलं. नशीब थोर, लागू पडलं. रक्त बेताचंच गेलंय."

काका बाकावर बसले. डोळे पुसायला रुमाल सापडेना, शर्टाची बाही कामी आली.

तेवढ्यात आतून नर्स धावत आली. "सिस्टर, खिडकीजवळची पेशंट! परत दिलं, तरी थांबत नाही. डॉक्टर मोठ्या दवाखान्यात हलवू म्हणतात. गाडी दारात आहे."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली म्हातारी उभी राहिली. तिचीच ती मुलगी.

बायकोनं थर्मासकडे पाहिलं, मग काकांकडे. "आपल्या पोरीला मागाहून लागलं तर?"

काकांनी लेकीच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. थर्मास सोडवत नव्हता. मग त्यांनी तो पुढे केला. "तीही कुणाची तरी लेकच आहे. दे."

"डॉक्टर विचारतील, कुठे ठेवलेलं."

"आमच्या घरी म्हणावं. दिवसभर दारसुद्धा उघडू दिलं नाही कुणाला."

बायको आत गेली. बाहेर आली तेव्हा चेहरा सैल झाला होता. "दिलं. डॉक्टरांना म्हटलं, हे खात्रीचं आहे, रस्त्यात हाल कशाला? जरा वाट पाहू. गाडी परत पाठवली."

म्हातारीनं काकांचे दोन्ही हात धरले. "देवासारखे आलात हो."

"अहो, त्यात काय," काका म्हणाले. पण छाती भरून आली होती. आयुष्यात इतकं चांगलं काही आपल्या हातून घडलं नव्हतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

"तुम्ही घरी जाऊन लेकीचे कपडे काढून ठेवा," बायको म्हणाली. "त्या पेशंटचं रक्त थांबलं की मी येतेच."

काका रमतगमत घरी आले. निघताना पाहिलेली नातीची बंद मूठ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्यांनी कपाट उघडलं, मऊ जुने कपडे निवडले, नीट घड्या घालून पिशवीत भरले. ऊन उतरलं होतं. बायको यायची वेळ झाली. रोजच्यासारखा त्यांनी फ्रीजमागे हात घातला आणि सकाळी बंद केलेलं बटण चालू केलं.