बिनआवाजाची गाडी

गाडीचा आवाज बंद करायचाच, असं शरदने ठरवलं ते सिंकमधल्या दोन कपांमुळे.

शलाका चहा घेत नाही. घोटभर घेतला तरी तिला पित्त होतं. मग भर दुपारी सिंकमध्ये दोन उष्टे कप कुणाचे?

"आईंनी दोनदा घेतला," ती म्हणाली आणि लगेच कप विसळायला लागली.

हं! आई तर म्हणे दुपारभर दार लावून झोपते, डोकं दुखतं म्हणून. झोपेत चहा पिते की काय?

शरद विम्याचा सर्व्हेअर. आज गौतमपुरा, उद्या खजराना. घरी यायची वेळ कधीच ठरलेली नाही. तरी तो केव्हाही आला की शलाका फाटकात हजर. आधी त्याला वाटायचं, केवढं हे प्रेम! मग एकदा मानस हसत हसत बोलून गेला, "शरद भिया, तुमची गाडी अन्नपूर्णा मंदिराशी वळली की पूऱ्या गल्लीला पता चलतं."

मानस म्हणजे शेजारच्या बाळकाकांचा मुलगा. घरूनच काम करतो, जिमला जातो, दंड दाखवत हिंडतो. 'वहिनी, वहिनी' करत पुदिना मागायला येतो. एवढ्या पुदिन्याचं हा करतो काय, देव जाणे! त्या दिवसापासून शरदच्या पोटात जी आग पडली ती विझेना. म्हणजे गाडीची खडखड ही त्या दोघांची घंटा होती. घंटा वाजली की पाखरू भुर्र.

"राहू द्या ना तो आवाज," शलाका म्हणाली. "तुमच्या बाबांची गाडी आहे. ऐकला की बरं वाटतं."

वाटणारच!

रविवारी त्याने गाडी अंगणात घेतली. बाळकाका न बोलावता आले. पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर पोरांना गाड्या शिकवलेला माणूस.

"शॉकर गेलेत बेटा," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "हे घरचं काम नाही. सोड."

शरदने बॉनेटवर दोन्ही हातांनी भार दिला आणि झटक्यात सोडला. गाडी एकदा वर उसळली आणि थांबली. "शॉकर गेले असते तर डुलत राहिली असती ना, काका?"

जे ह्यांना झोपेतही कळायला हवं, त्यात हे चुकतात कसे? शरदला उत्तर सापडलं. बाप पोराला पाठीशी घालत होता.

त्याने जॅक लावला, खाली स्टँड दिले, चाक काढलं. बॉल जॉइंट हलवून पाहिला, घट्ट होता. मग चाकाजवळची बारीक लिंक रॉड हातात धरून हिसडली. खट्. पुन्हा हिसडली. खट्. तिचं तोंड पार ढिलं झालं होतं. दुसऱ्या बाजूची गतही तीच.

"सापडली!" शरद ओरडला.

"बघ बाबा," काका पडलेल्या आवाजात म्हणाले.

स्कूटरवर जाऊन त्याने नव्या रॉडची जोडी आणली. जुने नट गंजून बसलेले, काही केल्या सुटेनात. त्यात पाना मागितला तर काकांनी दोनदा भलताच दिला. शरदने दात-ओठ खात एकट्यानेच काम उरकलं.

"एवढी शांत गाडी बरी नसते रे," काका जाता जाता म्हणाले. "गल्लीत पोरं खेळतात."

"ब्रेक चांगले आहेत काका."

संध्याकाळी स्पीड ब्रेकरवरून गाडी अशी गेली की हूं नाही की चूं नाही. शलाका "छान झालं" म्हणाली, पण तिचं तोंड उतरलं होतं. शरदने ते बरोबर टिपलं.

मंगळवारी तो म्हणाला, "गौतमपुऱ्याला चाललोय. रात्र होईल." आणि दुपारीच मागे फिरला.

मानस सापडला तर काय करायचं, हे त्याने ठरवलंच नव्हतं. शलाका नसलेलं घर तेवढं डोळ्यांपुढे येत होतं. एवढा राग आला होता, तरी मेलं रडूच फुटत होतं.

गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली तरी कुणाला पत्ता नाही. शलाका दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत बसली होती. आत कूलर घरघरत होता. तिने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठे आहे तो?"

तिने त्याचा हात धरला. "अहो, आत नका जाऊ. तुम्हाला माझी शपथ. मी सगळं सांगते, आधी इथे बसा."

म्हणजे खरंच होतं. शरदने तिचा हात झिडकारला. बेडरूम रिकामी. स्वयंपाकघरात कुणी नाही, गॅसवर चहाचं आधण मात्र उकळत होतं. तेवढ्यात कूलरच्या घरघरीतून पुरुषाचा दबका आवाज आला, आईच्या खोलीतून. शाबास! म्हातारी झोपलेली बघून तिच्या खोलीत लपवलाय! शरदने दार धाडकन ढकललं.

पलंगावर आईचे पाय मांडीवर घेऊन बाळकाका तिच्या गुडघ्यांना तेल चोळत होते, आणि बाबा गेल्यापासून कधी न हसलेली आई पदर तोंडाला लावून लाजत, खुदुखुदु हसत होती.