मधल्या हिवाळ्याचं शून्य

रेक्याविकहून आलेला अधिकारी बंदराच्या सभागृहात प्रत्येक बोटीचा मासेमारीचा कोटा वाचून दाखवत होता. ज्याची गेल्या तीन वर्षांची मासळीची पकड मोठी, त्याचा वाटा मोठा. तांडेल स्टर्लाच्या बोटीला सगळ्यांत कमी कॉड मिळाला. "एवढ्याला बोट कशाला, बादली पुरेल," म्हणत स्टर्ला टेबलापाशी गेला. "वाटा वाढवून नको. तीनपैकी मधल्या हिवाळ्यापुढचं शून्य तेवढं खोडा." "त्या मोसमात बोट दुरुस्तीला होती. घरी बसून मासे मिळतात होय?" अधिकारी म्हणाला. स्टर्लाने खाऱ्या पाण्याने फुगलेली नोंदवही उघडून पुढे सरकवली. अधिकाऱ्याने वाचलं: "दोन फेब्रुवारी. खडकांत शिरलो, तळ फाटला. पकड: सात, सगळे जिवंत." त्याने मान वर केली. "सात काय? टन?" मागे खुर्ची सरकली. "माणसं. बुडत्या ट्रॉलरवरची," ओटार उठत म्हणाला. "पहिला मी." "दुसरा मी." सातवा उठेपर्यंत अधिकाऱ्याने शून्याच्या जागी सात लिहिलं.